सलूला गेलेली तार

धुळे
ता. ४ एप्रिल १९८९

ती. भागाअक्का यांस,
कमलचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुमचं पत्र येऊन पंधरवडा झाला. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. वसतिगृहाच्या मुलींच्या परीक्षा चालू आहेत, त्यामुळे स्वयंपाकघरातून पाय निघत नाही. पांझरा आटली आहे, नळ एक दिवसाआड येतो. माझी तब्येत बरी. दाजींच्या गुडघ्याचं कसं आहे ते लिहा.

आता खरं सांगते. आमच्या चर्चच्या तरुण संघाने मे महिन्यात नेपाळात जायचं ठरवलं आहे. तिकडे डोंगरात महारोग्यांचा एक लहान दवाखाना आहे. आमच्या पाळकसाहेबांबरोबर शिकलेला एक नेपाळी गृहस्थ तो चालवतो. तिथे महिनाभर राहायचं, भिंतींना चुना द्यायचा, जखमा धुवायच्या, संध्याकाळी त्या लोकांत बसून गाणी म्हणायची. साक्रीकडचे मगन मास्तर पुढारी, त्यांची बायकोही बरोबर. सातांत आपल्या सलूचं नाव पहिलं, कारण नर्सिंग शिकलेली ती एकटीच.

मी नाही म्हटलं. ती वाद घालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ताट घेऊन उठली आणि भांडी घासत बसली. तिच्या पप्पांचीही तीच रीत होती. समोरच्याला आपलाच आवाज ऐकायला लावायचं.

अक्का, वसतिगृहात येणारं वर्तमानपत्र मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. आपल्या सरकारचं आणि नेपाळचं सध्या भांडण लागलं आहे. तिकडे रॉकेल नाही, पेट्रोल नाही. शिवाय त्यांच्या कायद्यात दुसऱ्याला आपला धर्म सांगितला तर तुरुंग आहे. हे लोक म्हणतात आम्ही फक्त गाणी म्हणू. पण गाणी कोणाची म्हणणार?

तुमचा भाऊ पुना गेल्यापासून ही एकच आहे माझी. तिचं शिक्षणसुद्धा मी धुळ्यातच करवलं, संध्याकाळी घरी यावी म्हणून. तुमचा शब्द ती मोडत नाही. एक ओळ लिहा, जाऊ नको म्हणून.

मायेत अंतर पडू देऊ नका.
आपली,
कमल


जळगाव
ता. ११ एप्रिल

चि. कमल हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाजींनी मोठ्याने वाचलं. म्हणाले, एवढा नेपाळ तर नेपाळच्या राजालाही माहीत नसेल. तू वाचायला शिकलीस तेव्हा माझ्या भावाने केवढ्या कौतुकाने कळवलं होतं, की कमल आता औषधाच्या बाटल्यांवरची नावं लावते, गीतांचं पुस्तक वाचते. मी तेव्हाच म्हटलं होतं, ह्या बाईची झोप गेली. मीही चौथी शिकले, पण देवाच्या दयेने विसरले.

तर मी जाऊ नको असंच लिहिणार होते. पण रविवारी उपासना सुटल्यावर सलू एसटीत बसून माझ्याकडेच आली. तुला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं म्हणे. बघ, ह्या वयात मी मैत्रीण झाले. मी गच्चीवर वाळवणाला ज्वारीच्या बिबड्या घालत होते. ती पदर खोचून बसली, दुपारभर उन्हात बिबड्या थापल्या, नेपाळचं नाव काढलं नाही. परतीच्या एसटीत पाय ठेवला आणि मग वळून विचारलं, की अक्का, जाऊ का. ड्रायव्हर घंटीची वाट बघतोय, कंडक्टर मला बघतोय. मी काय बोलणार? जा म्हटलं. मला वाटलं धुळ्याला जा म्हणते आहे, तिने नेपाळला लावून घेतलं असेल तर तिची हुशारी.

पण मीही फुकट सोडली नाही. भुसावळच्या कौतिक भालेरावांचा मुलगा रेल्वेत लागला आहे, चर्चच्या मंडळीतलं चांगलं घर आहे. आल्यावर त्यांना बघायला बोलवायचं असं कबूल करवून घेतलं.

जाऊ दे तिला. सातजणांत आहे, मास्तरांची बायको बरोबर आहे. माले बी भ्याव वाटस. पण ते तुला देऊन काय करू, तुझं घर आधीच भरलेलं आहे.

दाजींचा गुडघा माझ्यापेक्षा जास्त बोलतो. बाकी बठ्ठं ठीक.
खाऊन-पिऊन राहा.
तुझी,
भागाबाई


धुळे
ता. १ मे

ती. अक्कांस कमलचा सप्रेम सलाम, वि. वि.

काल मंडळीसमोर सातही जणांना उभं केलं. वडीलमंडळींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बाकीच्या आयांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. जितका वेळ दिसते तितका वेळ बघून घ्यावी असं वाटलं.

नंतर पाळकसाहेबांनी घरच्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की तिकडे परक्यांची पत्रं उघडून वाचतात असं ऐकलं आहे. तेव्हा पत्रात चर्च, मंडळी, प्रार्थना हे शब्द नकोत. मुलंही लिहिणार नाहीत. सातांतल्या चिंधाच्या आईने विचारलं, मग लिहायचं तरी काय. तर म्हणाले, हवापाणी लिहा.

परवा बुधवारी ही मुलं एसटीने जळगावला येतील आणि तिथून गोरखपूरच्या गाडीत बसतील. जेवण तुमच्याकडे, तसं तुम्ही म्हणाला आहातच. सलूच्या पिशवीत मी शाल घातली आहे. ती काढून ठेवते आहे आणि मी परत घालते आहे, असं दोन दिवस चाललं आहे. तुम्ही शेवटी एकदा बघा, आत आहे का.

दवाखान्याचा पत्ता मागच्या बाजूला उतरवून दिला आहे, तुमच्याकडेही असू द्या. सात जूनपर्यंत परत येणार म्हणतात.

मी स्टेशनवर येत नाही. मला जमणार नाही.
तुमच्या मायेची,
कमल


जळगाव
ता. ५ मे

चि. कमल हिस आशीर्वाद.

सात जणांनी सतरांचं खाल्लं. कळण्याच्या भाकरी, भरीत, ठेचा, काही उरलं नाही. तो चिंधा तर ठेचा खाऊन रडत होता आणि परत मागत होता. वाटेला दोन डबे बिबड्या दिल्या. शाल पिशवीत होती. मी बघितली असं सलूला कळलं तेव्हा ती एवढी हसली, की मास्तरीणबाईंनी येऊन विचारलं काय झालं.

गाडी हलली तेव्हा हात खिडकीबाहेर काढू नको म्हणून मी ओरडत होते आणि ती हात बाहेर काढूनच हलवत होती. मग घरी आले. दाजी म्हणाले रडू नको, मी म्हटलं ठेच्याचा हात लागला डोळ्याला.

तू जेव. रात्री वर्तमानपत्र वाचू नको.
तुझी,
भागाबाई


नेपाळ
ता. १३ मे

प्रिय आईस,
सलोमीचा सप्रेम सलाम, वि. वि.

आम्ही सर्व सुखरूप पोहोचलो. इथली हवा चांगली आहे. पाणी चांगलं आहे. दोन वेळा भात मिळतो. काम चालू आहे. सर्वांच्या तब्येती ठीक आहेत. इथे थंडी आहे, शाल उपयोगी पडते. काळजी करू नये.

अक्कांना व दाजींना सलाम.
तुझी,
सलोमी


धुळे
ता. २५ मे

ती. अक्कांस कमलचा सलाम, वि. वि.

सलूचं पत्र काल आलं. तुमच्यासाठी उतरवून पाठवणार होते, पण उतरवण्यासारखं त्यात काही नाही. हवा चांगली आहे, पाणी चांगलं आहे. अक्का, दवाखान्यातून घरी जेवायला आली तर वाटेत कुणाची म्हैस सुटली होती हे सांगितल्याशिवाय जी हात धुवत नसे, तिचं हे पत्र. अक्षर तिचंच आहे. मी खिडकीशी धरून बघितलं. पण कुणीतरी डोक्याशी उभं राहून लिहायला लावावं तसं लिहिलं आहे. शब्द जपायला सांगितले होते हे मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही.

परवा पाळकसाहेबांकडे गेले. त्यांना गोरखपूरहून कुणी कळवलं, की नेपाळात एका गावी बाहेरून आलेल्या काही लोकांना पोलिसांनी नेलं. कुठलं गाव, कुठले लोक, काही माहीत नाही. ते मला म्हणाले विश्वास ठेवा. त्यांची स्वतःची मुलगी अंगणात लंगडी खेळत होती.

वसतिगृह सुट्टीमुळे रिकामं आहे. चाळीस ताटं धुवून पालथी घातलेली आहेत आणि मी त्यांच्यासमोर बसते. वाऱ्याने फाटक वाजलं तरी उठते. दुपारी पोस्टमन येऊन जाईपर्यंत घास उतरत नाही, आणि तो गेल्यावर उतरवायची इच्छा राहत नाही. वर्तमानपत्रात लिहिलं आहे, की तिकडे बसगाड्या जवळजवळ बंद आहेत. मग सात जूनला ही मुलं येणार कशी?

मी काल देवाला म्हटलं, काहीही कर पण तिला आण. तुम्हालाही तेच म्हणते. काहीही करा.
कमल


जळगाव
ता. २८ मे

चि. कमल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही. काल दाजींना रिक्षात घालून तार ऑफिसात गेले आणि तुझ्या पोरीला तार ठोकली. मदर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली. खाली नाव माझं. आता बघ कशी धावत येते. पोलीस असो की राजा असो, आई आजारी म्हटल्यावर कोणी अडवत नाही.

दाजी कुरकुरत होते, की खोटं आहे. मी म्हटलं खोटं कसं? ती बाई फाटक वाजलं तरी उठते, जेवत नाही, हे सिरीयस नाही तर काय. तरी सलू आली की चार दिवस अंथरुणावर पडून राहा, म्हणजे माझी लाज राहील.

भालेरावांना अकरा जूनला बोलावलं आहे. तोवर पोर येतेच. रागावली तर माझ्यावर रागवेल, मी बघून घेईन.

आता पोटभर जेव आणि झोप.
तुझी,
भागाबाई


धुळे
ता. ३१ मे

अक्का,

तुम्ही हे काय केलंत? दोष देत नाही. काहीही करा असं मीच लिहिलं होतं. पण तारेत तो शब्द कसा घातलात तुम्ही?

आपल्या माणसांत तारेत मेला असं कोणी लिहीत नाही. सिरीयस लिहितात. वाटेत माणूस कोसळू नये म्हणून. पुना मुंबईच्या इस्पितळात वारला तेव्हा मलाही असंच आलं होतं, पुना सिरीयस, लवकर निघ. तुम्हीच केली होती ती तार. दयेने केली होती, मी कधी काही म्हटलं नाही. मी मुगाची पातळ खिचडी केली, डब्यात भरली, नऊ वर्षांच्या सलूला घेऊन रात्रीच्या एसटीत बसले. वाटेत नाशिकला तुमचे चुलतदीर भेटले. ते म्हणाले आता बरं आहे, सुधारताहेत. सलूने सगळ्या वाटेने डबा मांडीवर धरला होता, सांडू नये म्हणून. इस्पितळाच्या फाटकाशी दाजी उभे होते आणि त्यांच्या हातात पुनाच्या चपला होत्या. दाजींनी काही सांगायच्या आधीच सलूने डबा खाली ठेवला.

अक्काची सिरीयसची तार म्हणजे काय, हे त्या पोरीला नवव्या वर्षीच कळलं आहे. तुम्ही तिला आई आजारी आहे असं कळवलं नाही. आई गेली असं कळवलं आहे.

आणि आता ती एकटी निघेल. सातजणांत होती तोवर होती. बसगाड्या नाहीत, मुलूख परका, आणि डोक्यात हे घेऊन ती डोंगर उतरेल.

मी काल पोस्टात जाऊन दुसरी तार केली आहे. मदर वेल, डोन्ट वरी. तारबाबू म्हणाला, नेपाळची तार सध्या कधी पोचेल देव जाणे.
कमल


धुळे
ता. १० जून

ती. अक्कांस कमलचा सलाम.

तरुण संघ काल परत आला. सलू त्यांच्यात नाही.

बाहेर पावलं वाजली म्हणून दार उघडलं. सगळे एसटी स्टँडवरून सामानासकट थेट माझ्याच घरी आले होते. पुढे मगन मास्तर, मागे मुली डोक्यावर पदर घेऊन. माझ्या घरी सांत्वनाला आले होते, अक्का. सलूला भेटायला. दार मी उघडलं. एक मुलगी किंचाळली. चिंधाच्या हातातली वळकटी पडली. मास्तर ओट्यावर खाली बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, तुम्ही कशा काय. मी विचारलं सलू कुठे. त्यांनी विचारलं, ती पोचली नाही?

तार त्यांना एकतीसला मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती निघाली. मास्तर बरोबर येत होते, पण त्यांची बायको तापाने फणफणली होती, तेव्हा सलूनेच त्यांना थांबवलं. दवाखान्यातला एक माणूस वाट दाखवायला दिला. डोंगरावरून बुटवलच्या बाजाराकडे उतरणारी जवळची वाट आहे, तिने गेली. हे लोक चार दिवसांनी उतरले. सामान खेचरांवर होतं म्हणून नदीकाठच्या लांबच्या रस्त्याने आले. पुढे एक ट्रक मिळाला. वाट दाखवणारा माणूस हे निघेपर्यंत परतला नव्हता. त्यांना वाटलं, सलू केव्हाच घरी पोचून माझी मातीही झाली असेल.

निघताना ती रडत होती का, असं मी मास्तरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, शालीची घडी केली, सगळ्यांना सलाम केला आणि चालू लागली.

मास्तरांनी गोरखपूरच्या मंडळीला तार केली आहे. पाळकसाहेब पोलिसांत जाऊन आले. मी सकाळ-संध्याकाळ स्टँडवर जाऊन बसते. जळगावची गाडी आली की उठते. तुम्ही स्टेशनवर लक्ष ठेवा.
कमल


जळगाव
ता. १४ जून

कमल,

मी रोज स्टेशनवर आहे. भुसावळकडून येणारी एक गाडी सोडली नाही. दाजी गुडघा धरून दुसऱ्या टोकाला उभे राहतात, म्हणजे दोन्ही दारांकडे बघता येतं. हमाल मला ओळखायला लागले. काल एकाने लांबूनच हात हलवून नाही म्हणून सांगितलं.

भालेरावांना मी दारातूनच परत पाठवलं. काय सांगू त्यांना.

मी खोटी तार केली. देवाने ती खरी करू नये एवढंच मागते. तुझ्याकडे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी. माझ्या भावाची एकच निशाणी, ती मीच डोंगरातून खाली ढकलली. तू मला शिव्या दे कमल. दुसऱ्या कोणी देऊन भागणार नाही.
भागाबाई


जळगाव
ता. २४ जून

कमल, पोर जिवंत शे. आज माझ्या नावाने तिचं पत्र आलं. दाजी हे पाकीट रजिस्टर करायला निघाले आहेत. तिचं पत्र आत घातलं आहे. बसून वाच. पहिल्या ओळीला आनंद होईल, पण तिथे थांबू नको.
अक्का


(सोबतचं पत्र)

नेपाळ
ता. १२ जून

ती. अक्कांस सलोमीचा सप्रेम सलाम.

मी इथेच आहे आणि बरी आहे. मला यायला जमलं नाही, मला क्षमा करा.

तार मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघाले होते. बाजारापर्यंत उतरले. तिथे बस नव्हती. आज येईल, उद्या येईल म्हणत बायका-पोरं रस्त्याकडेला बसली होती, मीही बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या डोक्यात आलं, की मी कशाला बसले आहे? मे महिन्याचं धुळं. तार निघाली त्याच संध्याकाळी माती झाली असणार. मी पोचेपर्यंत फुलंही वाळली असतील. पप्पांच्या वेळी निदान तोंड बघायला मिळालं. मग मी उठले आणि परत डोंगर चढले.

परत आले तेव्हा आपली माणसं उतरून गेली होती आणि आणखी एक तार येऊन पडली होती, मदर वेल म्हणून. धुळ्याची होती. पाळकसाहेबांनी दया म्हणून केली असेल. नाशिकच्या काकांनीही पप्पा सुधारताहेत म्हणून सांगितलं होतं. मी ती चुलीत घातली. अक्का, निदान तुम्ही मला सगळं खरं लिहा. आईला काय झालं होतं? तिला कोणी आंघोळ घातली? पप्पांच्या शेजारी जागा मिळाली का? शेवटी तिने माझं नाव घेतलं का, आणि रागावून घेतलं का?

इथली नर्स महागाईला कंटाळून घरी निघून गेली आहे. जखमा धुवायला कोणी नाही. मी इथल्या लोकांना सांगितलं, की मी वर्षभर राहते, पुढचं पुढे. पूर्वी असं बोलता आलं नसतं, घरी आई होती. आता माझी वाट बघणारं कोणी नाही. आता पत्रात काय लिहावं याचीही भीती उरली नाही. इथे रोज संध्याकाळी प्रार्थना होते आणि मी आईसाठी ती करते.

आईची शिलाईची मशीन चिंधाच्या आईला द्या, तिला हवी होती.
तुमची,
सलू


धुळे
ता. २७ जून

ती. अक्कांस कमलचा सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र वाचलं. बसूनच वाचलं.

तुम्ही लिहिणार असाल, की आई जिवंत आहे, तर लिहू नका. मीही लिहिणार नाही. दोन तारा झाल्या. आपण जे लिहू ते तिला दयाच वाटेल, आणि ती चुलीत जाईल. बघितल्याशिवाय तिला खरं वाटणार नाही, तेव्हा तिला दाखवलं पाहिजे.

मगन मास्तर यायला कबूल झाले आहेत. शुक्रवारी जळगावला पोचतो. मी आजवर तापीच्या पलीकडे गेलेले नाही हे तुम्हाला माहीत आहे. कायदा तोच आहे, पोलीस तेच आहेत, बसगाड्या अजून नाहीत. पण हे सगळं आता मला घरी बसून वाचवत नाही.

दाजींना सांगा, स्टेशनवर उभं राहायला नको. घरीच येते.
कमल


नेपाळ
ता. १४ जुलै

ती. भागाअक्का व दाजी यांस,
कमलचा सप्रेम सलाम, वि. वि.

हे पत्र इथल्या टपालात घालत नाही. उद्या मी उतरते आहे, तेव्हा गोरखपूरला पेटीत टाकीन. म्हणून मोकळं लिहिते.

सरहद्दीपलीकडे एका मिठाच्या ट्रकमध्ये जागा मिळाली. तिथून पुढे पायी. वाट ओली आणि जळवांची. मास्तर चुन्याने जळवा काढत होते आणि मी डोळे मिटून उभी राहत होते. एके ठिकाणी दोन पोलिसांनी अडवलं आणि कुठे चाललात विचारलं. मास्तर पिशवीत कागद शोधू लागले. मीच मराठीत म्हटलं, मुलीकडे. त्यांना काय कळलं कोण जाणे, सोडलं. पुढच्या वळणावर मी खाली बसले आणि मास्तरांकडे पाणी मागितलं.

दवाखाना म्हणजे चार खोल्या आणि एक ओटा. आपल्या मुलांनी दिलेला चुना दिसतो. सलू ओट्यावर एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम बांधत होती. आमची चाहूल लागून तिने मान वर केली. अक्का, तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. आधी माझ्या पायांकडे बघितलं, सरळ आहेत की उलटे. जन्मभर चर्चला गेलेली मुलगी. मग तिने पट्टीची गाठ पुरी केली, हात धुतले, आणि माझ्याजवळ येऊन एका बोटाने माझा दंड दाबून बघितला. तिचा हात दगडासारखा गार होता. मी तिचं नाव घेतलं. ती आत निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

मी तिला सगळं सांगितलं. तार अक्कांनी केली, पण करायला मी लावली, हेही. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावलीच. मशीन चिंधाच्या आईला दिली का विचारलं, मी नाही म्हटलं, तर म्हणाली द्यायची होतीस.

दुसऱ्या दिवशी चुलीशी बसलो असताना ती आपणहून बोलली. म्हणाली, आई, तू गेलीस असं कळलं तेव्हा मी एवढी रडले, की वाट दिसत नव्हती. पण परत डोंगर चढताना माझी पाठ हलकी झाली होती. लहानपणापासून तू घरी घाबरून बसली आहेस हे मी प्रत्येक ठिकाणी पाठीवर घेऊन जात होते. ते ओझं त्या दिवशी नव्हतं. त्याची मला लाज वाटली, म्हणून मी दुप्पट रडले. आणि काल तुला ओट्यासमोर बघितलं तेव्हा आनंद व्हायच्या आधी ते ओझं परत येऊन बसलं.

हे ती भाजी चिरता चिरता बोलली. मी तिच्या समोरची विळी ओढून घेतली आणि उरलेली भाजी चिरली. दुसरं काय करणार? पुना असता तर त्याला सुचलं असतं.

आठ दिवस राहिले. रोज सकाळी ती जखमा धुते, मी चिंध्या उकळते. इथल्या बायका मला हात लावून बघायला येतात, मेलेली आई परत आली म्हणून. संध्याकाळी दारं लावून प्रार्थना होते. बाहेर कुत्रं भुंकलं की माझं लक्ष दाराकडे जातं. सलूचं माझ्याकडे जातं. मग मी गाण्याच्या ओळीकडे बघते, येत नसली तरी.

ती दिवाळीपर्यंत राहणार आहे. तोवर इथे दुसरी नर्स येईल म्हणतात. मला काल रात्री विचारलं, राहू का. पोलीस, ताप, रस्ते, सगळं एकदम तोंडाशी आलं. ते गिळलं आणि राहा म्हटलं. आवाज कापला असेल, पण दुसरा माझ्याजवळ नव्हता. तिने कंदिलाची वात कमी केली आणि माझ्या शालीत येऊन झोपली. तिला झोप लागली. मला नाही.

भुसावळच्या भालेराव मंडळींना कळवून टाका, मुलगी दिवाळीपर्यंत येणार नाही, थांबायचं तर थांबा. कारण विचारलं तर काही रचून सांगू नका. मुलगी कामावर आहे म्हणावं, आणि आईची प्रकृती उत्तम आहे.

तुमची माया होती म्हणून तार झाली हे मला कळतं. ती तशीच असू द्या, फक्त तारेने नको, पोस्टाने पाठवत जा.
आपली,
कमल